आधीच भरलेली हजेरी

गावसभेच्या कचेरीत शिरलं की समोरच गावाचा नकाशा. तो कारकूनबाईंनी स्वतः काढलेला. वरून आलेला सरकारी नकाशाही होता, पण त्यात नदी होती तिथे नव्हती आणि नव्हती तिथून खुशाल वाहत होती. तेव्हा बाईंनी एका उन्हाळ्यात सगळी हद्द पायांखाली घातली, हद्दीचे एकेचाळीस दगड हात लावून मोजले, दोन गवतात आडवे झाले होते ते माणसं लावून उभे केले आणि मगच कागदावर रेघ ओढली. उत्तरेला टेकडी, दक्षिणेला मोठा रस्ता, मधोमध नदी. नदीच्या अलीकडे कचेरी, दवाखाना, मोठी शाळा, दुकानं, बसथांबा. पलीकडे साठ घरं, शेतं आणि चौथीपर्यंतची शाळा. सरकारदरबारी हे दोन्ही मिळून गाव एकच. नदीला मात्र तसं कुणी कळवलं नव्हतं.

पूल बारा किलोमीटर खाली. त्यामुळे पलीकडच्या माणसाला जन्माची नोंद करायची असो, दाढ काढायची असो, नाहीतर कुणाशी भांडायचं असो, यायचं ते उतारावरून. पात्र जिथे पसरट होतं आणि पायी ओलांडता येतं, त्या जागेला सगळे उतार म्हणत. एरवी पाणी गुडघाभर, नदी भरली की मांडीपर्यंत. तळाला गोटे, गोट्यांवर शेवाळ. सवयीचा माणूस बोलत बोलत पार होई आणि नवखा एकदा तरी बसून उठे.

कारकूनबाई मूळच्या पलीकडच्याच. लहानपणी मोठ्या शाळेत जाताना थोरल्या भावाच्या खांद्यावर बसून त्यांनी हा उतार कितीतरी वेळा ओलांडला होता. पुढे कचेरीत नोकरी लागली, कचेरीच्या मागच्या दोन खोल्या राहायला मिळाल्या, लग्न राहून गेलं ते गेलंच. बावीस वर्षं झाली. जन्म, मृत्यू, घरांच्या याद्या, नळजोड, सभांची इतिवृत्तं, सगळं त्यांच्याच हातचं. अक्षर असं की वरच्या कचेरीतले साहेब पत्राचा विषय विसरून अक्षराकडे बघत बसायचे. बाईंनी लिहिलं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं गाव म्हणायचं. बाईंनाही ते ऐकायला आवडायचं, आणि का आवडू नये?

गावसभेचे सभासद सात. त्यांतला पलीकडच्या वस्तीचा एक, आणि तो म्हणजे बाईंचा थोरला भाऊ. दादा सोळा वर्षं निवडून येत होता आणि सोळा वर्षं त्याचं एकच मागणं होतं: उतारावर पायपूल. दुसरा कुठलाही विषय निघो, गटार म्हणा, दिवे म्हणा, मोकाट गुरं म्हणा, दादा फिरून फिरून पुलावर यायचा. किराणावाला सभासद म्हणायचा, "याला स्वप्नात जेवायला वाढलं तरी ताट पुलावर मांडा म्हणेल." दादाही हसायचा. सर्वांत लांबून यायचा तो, आणि पोचायचा सर्वांच्या आधी. आल्या आल्या बहिणीच्या टेबलावर दोन बोटं वाजवून विचारायचा, "काय साहेब, आज आम्ही हजर आहोत का गैरहजर?"

हे विचारण्याला कारण होतं. सभा महिन्याच्या पहिल्या सोमवारी, दुपारी चारला. बाई त्या दिवशी सकाळीच हजेरीचं पान तयार करून ठेवत. सातही नावं, प्रत्येकापुढे 'हजर', आणि सहीपुरती जागा. ज्यांनी येत नाही असा निरोप धाडला असेल त्यांच्यापुढे 'गैरहजर'. सभासद ऐनवेळी धावतपळत येतात, घाईघाईत लिहिलं की अक्षर बिघडतं, आणि बिघडलेलं अक्षर बाईंना सहन होत नसे. सह्यांचंही तसंच. कुणी सभेआधी करी, कुणी महिन्यानंतर. बावीस वर्षांत ही पद्धत एकदाही चुकली नव्हती. गावात कोण येणार आणि कोण नाही, हे सकाळपर्यंत सगळ्यांना ठाऊकच असे.

दुसरी पद्धत वहिनीची. दादा घरून निघाला की ती शाळेच्या ओट्यावर चढायची, कारण पलीकडे फोनला रेंज मिळायची ती तेवढ्याच एका जागी. पाऊण तास तिथे शेंगा निवडत बसायची आणि मग कचेरीत फोन लावायची. "वन्सं, पोचले का हो?" बाई म्हणायच्या, "पोचला." वहिनी वयाने मोठी. लग्न होऊन आली तेव्हा बाई दहा वर्षांच्या, नाक पुसायचीही अक्कल नव्हती. तरी पहिल्या दिवसापासून वहिनीने त्यांना वन्सं आणि तुम्ही म्हटलं ते कायमचं. बाई मात्र तिला अगं-तुगं करायच्या.

ज्या सोमवारची ही गोष्ट, त्याच्या आधीच्या सभेत बहीणभावाचं जरा वाजलं होतं. पुलाचा ठराव एकदाचा पुढे आला, तर त्याला जोडायचा उताराचा नकाशा तयार नव्हता. बाई म्हणाल्या, कागद अपुरे आहेत, पुढच्या खेपेला घेऊ. दादा कधी चिडायचा नाही, तो त्या दिवशी चिडला. सगळ्यांसमोर म्हणाला, "अलीकडे राहून राहून तू अलीकडचीच झालीस." बाईंच्या ते मनाला लागलं. महिनाभर रोज संध्याकाळी पट्टी आणि पेन्सिल घेऊन बसल्या आणि उताराचा असा नकाशा केला की त्यात मोठे गोटेसुद्धा दाखवले. दादा आला की काही न बोलता त्याच्यापुढे ठेवायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

सोमवारी सकाळी त्यांनी पान भरलं. ठेकेदारी करणारे दोघे भाऊ शहरात गेलेले, त्यांच्यापुढे गैरहजर. शिवणकाम करणाऱ्या म्हातारीचं कमरेचं हाड मोडलेलं, ती गैरहजर. उरले चौघे: पिठाची गिरणी चालवणाऱ्या अध्यक्षीणबाई, किराणावाला, निवृत्त गुरुजी आणि दादा. सातांत चार असले की सभा कायदेशीर. चौघांपुढे हजर लिहून बाईंनी शाई वाळू दिली.

पावणेचारला फोन वाजला. आतल्या खोलीत अध्यक्षीणबाई आणि किराणावाला मोठमोठ्याने बोलत होते, खुर्च्या सरकत होत्या, बाईंच्या एका हातात नकाशाची गुंडाळी आणि दुसऱ्यात टाचण्यांची डबी. हनुवटीखाली फोन धरून त्यांनी ऐकलं.

"वन्सं, पोचले का हो? आज पाणी जरा जास्त वाटतंय."

एरवी बाईंनी न बघताच सांगितलं असतं. वहिनीचा आवाज ऐकून त्या दिवशी त्यांनी खात्री करून घेतली. वही उघडीच होती. दादाच्या नावापुढे स्वच्छ अक्षरात हजर लिहिलेलं त्यांनी वाचलं.

"हो गं, आलाय. काळजी नको करूस."

आत जाऊन बसल्या तेव्हा दादाची खुर्ची रिकामी. आधी वाटलं, मागे पाय धुत असेल. मग गुरुजी आले, दार लोटलं गेलं, तरी खुर्ची रिकामीच. तेव्हा बाईंना समजलं की आपण वहिनीला खोटं सांगून बसलो. उठून फोन करावा असं मनात आलं. पण त्याच्या मागोमाग दुसरंही मनात आलं: रुसलाय तर. मी अलीकडची झाले ना, मग बस पलीकडेच. महिनाभर डोळे फोडून मी नकाशा केला आणि हा आलासुद्धा नाही. सभा संपल्यावर करू फोन, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

अध्यक्षीणबाईंनी वहीत डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "चार लिहिलेत ना? मग करा सुरू. येईल तो, पुलाचा विषय सोडून कुठे जातोय?" सगळे हसले. पुलाचा ठराव कुणी वाद न घालता मंजूर झाला. नकाशा बघून गुरुजी म्हणाले, दादाला दाखवा हो हा, पोरासारखा नाचेल. साडेपाचला सभा उठली. बाईंनी वहिनीला फोन लावला तर लागला नाही. लागणार कसा, ती केव्हाच ओट्यावरून उतरून घरी गेली होती. मग बाई ठराव पक्क्या वहीत उतरवत बसल्या. दादावरचा राग निम्मा उतरला होता आणि उद्या त्याला काय काय ऐकवायचं ते मनात जुळवत होत्या.

दिवेलागणीला पलीकडची माणसं दादाला शोधायला निघाली. तो उतारावरच होता, निम्म्याच्या जरा अलीकडे. एक पाय दोन गोट्यांमध्ये अडकलेला, डोक्याला खोक, कमरेपासून खाली पाण्यात.

मृत्यूची नोंद बाईंनाच करायची होती. दुसऱ्याला हात लावू द्यायला त्या तयार नव्हत्या. वेळेच्या रकान्यापाशी त्यांचा हात थांबला, तेव्हा त्यांनी दवाखान्यातल्या कंपाउंडरला विचारलं. डॉक्टर गावात आठवड्यातून एकदा येई, एरवी सगळं कंपाउंडरच बघे. तो बराच वेळ ताकास तूर लागू देईना. मग मान खाली घालून म्हणाला, "साडेपाचच्या सुमारास लिहा बाई. पडले असतील सव्वातीनला. डोक्याचं लागणं फार नव्हतं हो. पाय निघाला नाही, आणि पाणी गार. दोन तास होते ते. हाकाही मारल्या असतील, पण पाण्याच्या आवाजात कोण ऐकणार? मी हे दुसऱ्या कुणाला बोललेलो नाही."

बाईंनी साडेपाच लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं, आणि ते तसं आलं याचा त्यांना कितीतरी दिवस राग येत राहिला.

गावात मात्र एक वेगळीच गोष्ट तयार झाली. कुणी केली ते सांगता येणार नाही, अशा गोष्टींना आईबाप नसतात. दादा सभेला आला, सोळा वर्षं मागितलेला पूल त्याने डोळ्यांदेखत मंजूर करून घेतला आणि आनंदाने घरी जाताना त्याचा पाय घसरला. वहिनीच्या सांत्वनाला जाणारी माणसं हेच सांगत. निदान पूल बघून गेला हो. सभेतल्या तिघांना खरं माहीत होतं, पण खरं सांगितलं तर सभेला तीनच जण, म्हणजे सभाच झाली नाही, म्हणजे ठरावही नाही. आणि महिनाअखेर प्रस्ताव वर पोचला नाही तर पुढची संधी चार वर्षांनी.

तिघेही बाईंपुढे येऊन बसले. प्रस्तावाला हजेरीच्या पानाची खरी नक्कल जोडायची होती आणि तिच्यावर सही बाईंची. अध्यक्षीणबाई हात धरून म्हणाल्या, "माणूस गेला तो काही परत येत नाही. त्याच्या नावावर पूल तरी होऊ दे. आम्ही कुठे स्वतःसाठी सांगतोय?" गुरुजी नुसते चष्मा पुसत राहिले. बाईंनी नक्कल केली. सही तेवढी केली नाही. कागद टेबलावर तसाच पडून राहिला, आणि महिना संपायला सहा दिवस उरले.

त्या दुपारी वहिनी आली. उतारावरूनच आली होती, साडीचा काठ ओला होता. बाई तिला मागच्या खोलीत घेऊन जायला लागल्या, तर म्हणाली, "नको, इथेच बसते," आणि लोकांच्या बाकावर बसली. मग म्हणाली, "वन्सं, त्या दिवशी सभेत ते काय बोलले, ते मला वाचून दाखवा ना. तुमच्या वहीत सगळं असतं."

वही समोरच होती. त्यात एवढंच होतं: ठराव एकमताने मंजूर. बाईंनी ती उघडली, मिटली. कुणीही काहीही सांगितलं असतं अशा वेळी. खूप बोलला, सगळ्यांना हसवलं, तुझं नाव काढलं. पण बाईंना ते जमेना.

"वहिनी, तो आलाच नव्हता गं."

वहिनीने हं म्हटलं. मग पदराने तोंड पुसलं आणि हळूच म्हणाली, "मला माहीत आहे."

बाईंनी वही बाजूला सारली.

"पाण्यात उतरताना ते जुने कपडे घालायचे. चांगले पिशवीत, डोक्यावर. अलीकडे आले की बदलायचे. ती पिशवी मिळाली मला. शर्ट मी सकाळी इस्त्री केलेला, त्याची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. सभेला आले असते तर अंगात घातला असता ना? म्हणजे जातानाच पडले. लोक येऊन सांगतात, पूल बघून गेले. मी मान हलवते. पण रोज मनात म्हणायची, वन्सं येतील आणि खरं सांगतील. म्हटलं, येत नाहीत तर आपणच जावं."

"मी फोनवर आलाय म्हणाले तुला."

"चुकून म्हणालात. तुम्ही का मुद्दाम म्हणाल? तुमचा भाऊ होता तो." वहिनीने उठून बाईंच्या डोक्यावर हात ठेवला. "जीवाला लावून घेऊ नका. डोक्यावर पडले, जागच्या जागी गेले. त्यांना काही कळलंसुद्धा नसेल. मी तेवढ्यावरच दिवस काढतेय."

इथे बाईंनी गप्प बसायला हवं होतं. डोक्यावर हात होता, माफी न मागता मिळाली होती, आणि ती माफी धरून दोघी एकमेकींना म्हातारपणी उपयोगी पडल्या असत्या. पण तो हात बाईंना सोसवेना. तो आपल्याला चुकीच्या हिशेबाने मिळालाय, पूर्ण कळलं तर तो तिथे नसेल, असं त्यांच्या मनाने घेतलं. आणि बावीस वर्षांची सवय अशी की अर्धी नोंद त्यांना कधी ठेवता आली नाही. त्या रडायला लागल्या आणि रडता रडता सगळं सांगून टाकलं. हजेरी सकाळीच भरलेली होती ते. खुर्ची रिकामी दिसल्यावरही रुसलाय समजून उठले नाही ते. आणि कंपाउंडर काय म्हणाला ते.

डोक्यावरचा हात निघाला.

"मी फोन केला तेव्हा ते होते?" वहिनीने विचारलं.

"होता."

"तुम्ही ठराव लिहीत होतात तेव्हा?"

वहिनी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. मग एकदम शांतपणे, समजावल्यासारखं म्हणाली, "एवढं तरी तुमच्यापाशी ठेवायचं होतंत, वन्सं. बाकी सगळं मी घेतलं असतं." आणि पायऱ्या उतरून नदीकडे गेली.

बाईंनी त्याच दुपारी दादाच्या नावापुढचं 'हजर' खोडलं आणि वर गैरहजर लिहून सही केली. ठराव रद्द झाला. अध्यक्षीणबाई संतापल्या, ओरडल्या, मग डोकं धरून बसल्या आणि मग एकाएकी म्हणाल्या, "म्हातारीला उचलून आणू." कंबर मोडलेल्या म्हातारीला तिच्या खाटेसकट चौघांनी कचेरीत आणलं, तिने पडल्या पडल्या हात वर केला, आणि सातांत चार मोजून पूल दहा मिनिटांत पुन्हा मंजूर झाला. प्रस्ताव मुदतीत गेला. पहिल्याच वेळी म्हातारीला आणायचं कुणाला सुचलं नव्हतं, आणि कुणाला सुचावं असं तेव्हा काही घडलेलंही नव्हतं. बाई मात्र त्यावर अजून विचार करत बसतात.

पलीकडच्या वस्तीची जागा रिकामी झाली होती. तिथून वहिनी उभी राहिली आणि बिनविरोध निवडून आली. तिला मुळात सभेबिभेची आवड नव्हती. पण पूल पुरा होईपर्यंत कुणीतरी नदीपलीकडून बोलायला हवं, असं ती म्हणाली म्हणतात. बाईंना ते दुसऱ्यांकडून कळलं.

आता हजेरीचं पान सगळे बसल्यावर भरलं जातं. बाई वही घेऊन प्रत्येकासमोर जातात, माणूस डोळ्यांनी बघतात आणि मग लिहितात. अक्षर पूर्वीइतकं चांगलं येत नाही. पहिल्या सभेत त्या वहिनीपुढे उभ्या राहिल्या. त्यांनी वही पुढे केली आणि तोंडातून निघून गेलं, "वहिनी, इथे."

वहिनीने सही केली, जमेल तशी, मोठ्या मोठ्या अक्षरांत. वर पाहिलं नाही. पेन परत देताना म्हणाली, "घ्या, कारकूनबाई."

खोलीत कुणाच्या काही लक्षात आलं नाही. सगळे त्यांना तेच म्हणत. किराणावाल्याने पुढचा विषय काढला आणि बाई तो लिहून घ्यायला बसल्या.